नोएलीनचा हलका हात

नोएलीन क्रॅट्झमनने आमच्या प्रयोगशाळेसाठी सव्वीस वर्षं मखमल धुतली. असं सांगितलं की लोकांना वाटतं बाई धोबीण होती. होती तंत्रज्ञ, ब्रिस्बेनच्या त्या विद्यापीठात प्रोफेसरांपेक्षाही जुनी, आणि मखमलीच्या बाबतीत तिचा कोणावरही विश्वास नव्हता. तिच्या गावच्या, लेडलीच्या, चर्चच्या सभागृहाचे मरून पडदे बदलले तेव्हा जुने पडदे ती मागून घेऊन आली आणि त्यांचे वीतभर चौकोन कापले. शनिवारी ते घरी धुवायचे, परसातल्या फिरत्या दोरीवर वाळवायचे, कागदात बांधून सोमवारी आणायचे आणि वाफेच्या मोठ्या कुकरात निर्जंतुक करायचे, हा तिचा नेम. शेजारीण कुंपणावरून विचारायची, "एवढे हातरुमाल कोणाचे गं?" ही म्हणायची, "जंतूंचे."

काम असं होतं. थाळीत यीस्टचे ठिपके वाढलेले असत, शंभरेक, मोहरीएवढे. ती थाळी मखमलीवर पालथी टेकवायची, म्हणजे लवेवर ठिपक्यांचा ठसा उठतो. मग त्याच मखमलीवर दुसरी, कोरी थाळी टेकवायची, की तो ठसा तिच्यावर उतरतो, प्रत्येक ठिपका जागच्या जागी. सगळी गोम दाबण्यात. कमी दाबलं तर ठसा उतरतच नाही. जास्त दाबलं तर यीस्टचा लगदाच उतरतो, आणि तो मेलेला लगदा दोन दिवसांनी जिवंत ठिपक्यासारखा दिसतो. मी नवा होतो तेव्हा तिने माझं मनगट धरून शिकवलं होतं.

"लॉकी, बाळ झोपलंय का बघायला त्याच्या पाठीवर हात ठेवतात ना, तेवढंच."

"मला बाळ नाही."

"तुझे रंग बघता होणारही नाही. ठेव हात."

लॉकी म्हणजे मी, लॉक्लन. तेव्हा सत्तावीस वर्षांचा, गणितातून जीवशास्त्रात आलेला, आणि दोन्हीकडच्या लोकांना अडाणी समजणारा.

आमचं यीस्ट पावाचंच, फक्त त्याच्यात आम्ही जनुकांचं एक गोल कडं सोडलेलं होतं. शास्त्रात त्याला प्लास्मिड म्हणतात. नोएलीन कडंच म्हणायची. त्या कड्यावर यीस्टला दोन कामं नेमून दिलेली. पहिलं, गोचिडाच्या पोटातल्या एका प्रथिनाची नक्कल बनवायची, जी गुरांना लस म्हणून टोचता येईल. दुसरं, यीस्टला लागणारा एक अन्नघटक आपला आपण तयार करायचा. हा घटक नसलेल्या थाळीवर कडं असलेलीच पेशी वाढते, बिनकड्याची उपाशी राहते. सगळं खाणं असलेल्या पहिल्या थाळीवर शंभर ठिपके असले आणि तिच्या ठशातून हा घटक नसलेल्या दुसरीवर ऐंशी उगवले, तर ऐंशी टक्के यीस्टकडे कडं शाबूत आहे, असा हिशेब.

कडं टिकेल का, हीच आमची रोजची काळजी. एका पेशीच्या दोन होताना कधीतरी एका लेकीच्या वाट्याला कडं येतच नाही. ही लेक रिकामटेकडी. लशीचं ओझं नाही, म्हणून झपाट्याने फोफावते. ज्या घरात एक राबतो आणि चार खातात तिथे जे होतं तेच मग भांड्यात होतं. आणि आमचं भांडं तीन-तीन आठवडे अखंड चालायचं. वरून थेंब थेंब ताजं खाणं पडत राहायचं, बाजूच्या नळीतून तेवढंच यीस्ट बाहेर. त्याला सुट्टी नसायची आणि समाधानही नसायचं, म्हणून नोएलीनने त्याचं नाव सासूबाई ठेवलं होतं.

ती रोज सकाळी सासूबाईंचा नमुना काढायची, थाळ्या करायची, ठिपके मोजायची आणि दहाच्या चहाला फळ्यावर टक्का लिहायची. त्या आकड्यांवरून पुढच्या चारशे तासांचं भविष्य सांगणं माझं काम. ज्योतिषी आणि मी यांच्यात फरक एवढाच की मला समीकरणं लिहून दाखवावी लागत.

नोव्हेंबरच्या फेरीत फळ्यावर आकडे असे आले: अठ्ठ्याण्णव, शहाण्णव, एक्क्याण्णव, चौऱ्याऐंशी. इथपर्यंत माझं समीकरण आणि तिची मोजणी हातात हात घालून चालली. पुढे माझं समीकरण म्हणत होतं पन्नास, चाळीस, तीस. फळा म्हणत होता शहात्तर, एकाहत्तर, सत्तर, सत्तर.

"कडं सत्तरीला टेकून बसलंय," आमचे बॉस डॉ. ब्रॉडरिक चहाचा कप हलवत म्हणाले. "आणि गणित कुठे बसलंय?"

"गणित बघतोय," मी म्हणालो.

"नाचता येईना अंगण वाकडं. शुक्रवारी लशीच्या कंपनीची माणसं येतायत. तोवर बघून झालं पाहिजे."

चार दिवस मी सगळं तपासलं. पंप, तापमान, बेरजा. मग चौथ्या दिवशी समीकरणाला एक टेकू लावला. म्हणजे एक जास्तीचं पद घातलं: गर्दी झाली की बिनकड्याच्या पेशींची वाढ मंदावते. असं होतं का? होऊ शकतं. कोणी पाहिलंय? नाही. पण टेकू लावताच माझी रेषा सत्तरीवर येऊन अशी निवांत टेकली की ब्रॉडरिकनी माझी पाठ थोपटली.

हे मी आजच सांगून टाकतो, उगाच शेवटपर्यंत ताणत नाही. त्या चार दिवसांत थाळ्यांची शंका मला आली होती. नोएलीनच्या तर्जनीवर टपोरा फोड होता. "हा कधी भाजला?" मी विचारलं, तर तिने तो माझ्याबरोबरच पहिल्यांदा पाहिला. आयुष्यभर बटणांचे सदरे घालणारी बाई त्या महिन्यात गळ्यातून घालायचे सदरे घालून येत होती. मी हे पाहिलं, आणि सोडून दिलं. तिच्या हाताबद्दल विचारणं म्हणजे तिच्याबद्दलच विचारणं होतं, आणि माझ्यात ती हिंमत नव्हती. टेकू लावणं सोपं होतं.

कंपनीने डिसेंबरात आपली सहाशे लिटरची टाकी सुरू केली. पहिल्या दिवसांचं पिंप त्यांनी स्वतः तपासलं, ते उत्तम निघालं. पुढच्या पिंपांसाठी ते माझ्या आलेखावर विसंबले. जानेवारीत त्या पुढच्या पिंपांमधली लस तीन कळपांना टोचली. त्यातला एक कळप एस्क गावाच्या पलीकडे, नोएलीनच्या धाकट्या भावाचा, एरलचा. एकशे चाळीस गाई. चाचणीची अट अशी की या गुरांना गोचिडांच्या औषधाच्या हौदातून पोहवून काढायचं नाही. लस एकटी काय करते ते दिसलं पाहिजे. एरल मागे हटत होता. नोएलीननेच त्याला भरीला घातलं.

तिला त्या लशीचं एवढं का, हेही सांगतो. ती नऊ वर्षांची असताना एका उन्हाळ्यात गोचीडतापाने त्यांच्या घरच्या एकतीस गाई गेल्या. लालभडक मूत, थरथरणारे पाय, मग एकेक खाली. बाप बोलायचा नाही, तो खड्डे खणायचा, आणि नोएलीन गाईंची नावं म्हणत त्याच्यामागे चुन्याची बादली घेऊन चालायची. हे तिने मला एकदाच सांगितलं, तेही मखमलीच्या घड्या घालताना, माझ्याकडे न बघता.

जानेवारीत विद्यापीठ ओस पडतं. सगळे समुद्रावर. सासूबाईंची नवी फेरी चालू होती म्हणून मी आणि नोएलीन तेवढे उरलो. पाठीचा घाम खुर्चीला चिकटत होता, रोज दुपारी वादळ यायचं आणि वीज जाईल या धास्तीने आम्ही दोघं पंपाशेजारी उभे राहायचो. एका दुपारी एरलचा फोन आला. त्याचा आवाज एवढा मोठा की ऐकायला फोन लागायचा नाही.

"नोली, तुमच्या लशीनं गोचिडांना भूक लागलेली दिसते."

"किती आहेत?"

"मोजायला तुला बोलावू का? कासेवर द्राक्षांसारखे लोंबतायत. हौद भरू?"

"अजून दुसरी टोचणी बाकी आहे," ती म्हणाली. "थोडं थांब."

"थांबतो. तू म्हणालीस म्हणून थांबतो, त्या टायवाल्यांसाठी नाही."

तिने फोन ठेवला. मग मला म्हणाली, "लॉकी, तुझी रेषा सत्तरीवर आपणहून बसते ना?"

"बसते की," मी म्हणालो. "आलेख पाहिलास ना?"

"पाहिला," ती म्हणाली आणि मखमली मोजू लागली.

त्यानंतर तिचं जेवणात लक्ष राहिलं नाही. यीस्टचाच काळा लेप लावलेलं सँडविच ती रोज खायची, "नातेवाईकांना खातेय" असं म्हणून. ते आता तसंच डब्यात घरी परत जायचं. मंगळवारी तिने मला हाक मारली. "मी जरा फोनवर आहे, ह्या चार थाळ्या तू दाबून ठेव." मी दाबल्या. कसल्या, ते विचारलं नाही. गुरुवारी सकाळी तिने माझ्यासमोर थाळ्यांची एक चळत ठेवली.

"मोज. आज माझ्या डोळ्यांचा भरवसा नाही."

मी मोजल्या. "शंभरात त्रेसष्ट. हिच्यात सदुसष्ट. हिच्यात पासष्ट. झकास. सासूबाई खुशीत आहेत."

"हे सासूबाईंचं नाही."

"मग?"

"फ्रीजमधलं साधं यीस्ट. ज्यात आपण कडं कधी घातलंच नाही, ते."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. कडं नाही म्हणजे एकही ठिपका यायला नको होता. शून्य यायला हवं होतं. मी पहिली थाळी उजेडात धरली. जवळून पाहिलं तर ठिपके चपटे होते, कडा फिसकटलेल्या. लगदा. कोणीतरी जिवाच्या आकांताने दाबल्यासारखा.

तिने दुसरी चळत पुढे सरकवली. "ही तुझ्या हातची. मंगळवारची. तेच यीस्ट, तीच मखमल."

माझ्या चारही थाळ्या कोऱ्या होत्या.

"बोटं मला सांगत नाहीत, लॉकी," ती म्हणाली. "किती दाबलं ते. मला वाटतं मी टेकवतेय. टेकवायला जाते आणि..." तिने टेबलावर तळवा ठेवून दाखवला. टेबलावरचे चमचे हलले. "ऑक्टोबरपासून. आधी वाटलं, म्हातारपण. उकळता कप हातात धरून बसायचे, कळतंय का बघायला."

मी तेव्हा बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "पुन्हा एकदा करून बघू या. घाईने काही ठरवायला नको."

तिने माझ्याकडे पाहिलं, रागाने नाही, आणि फोन जवळ ओढला. नंबर फिरवताना तिचं बोट दोनदा चुकीच्या भोकात गेलं. तिसऱ्यांदा मी फिरवून दिला.

"एरल, आज संध्याकाळच्या आत गुरं हौदात घाल."

"चाचणीची अट आहे ना?"

"अट गेली खड्ड्यात."

"कंपनीवाले बोंबलतील."

"त्यांना मी बघते. तू हौद भर. आणि पशुवैद्याला आत्ता बोलाव, उद्या नाही."

मग एरल नेहमीपेक्षा हळू म्हणाला, "नोली, दोन आजच बसल्यात. उठत नाहीत."

"कुठल्या?"

त्याने नावं सांगितली. तिने ती पुन्हा म्हटली, दोन्ही, नीट. मग म्हणाली, "माझा हात चुकला, एरल."

नऊ गाई गेल्या. एकशे एकतीस वाचल्या, आणि बाकीचे दोन कळपही वेळेत हौदात घातले म्हणून त्यांच्यात एकही गेली नाही. पशुवैद्य म्हणाला, आणखी आठवडा गेला असता तर अर्धा कळप गेला असता. त्याने हे समजूत काढायला सांगितलं, पण मी मनात उलटं मोजत होतो: सहा आठवडे आधी कोणी तोंड उघडलं असतं तर एकही गेली नसती.

सोमवारी बैठक झाली. कंपनीचे तिघं, ब्रॉडरिक, मी आणि नोएलीन. तिने दोन्ही चळती मध्ये ठेवल्या आणि उभं राहून सांगितलं, "माझ्या बोटांची जाणीव गेली आहे, मी ते लपवलं. ऑक्टोबरपासूनची माझी मोजणी रद्द धरा." कंपनीतला एक जण म्हणाला, "सव्वीस वर्षांचा अनुभव, आणि थाळी दाबता येत नाही?" तिने मान खाली घातली नाही. "नाही येत," ती म्हणाली.

"आणि हे गणित?" दुसऱ्याने माझ्या आलेखावर बोट ठेवलं.

"गणित बिचारं काय करणार," ब्रॉडरिक घाईघाईने म्हणाले. "जसे आकडे तसं गणित."

माझ्या फाइलमध्ये आधीचा कागद होता, टेकू नसलेला, तिशीला उतरणारा. माझा अंगठा त्याच्या कोपऱ्यावर होता. तो बाहेर काढायला दोन सेकंद लागले असते. मी काढला नाही. भीती वाटली, दुसरं काही कारण नाही.

पुढची मोजणी माझ्या हाताने झाली. त्याच तासाला, जिथे फळ्यावर सत्तर होते, मला एकोणतीस मिळाले. टेकू काढल्यावर माझी जुनी रेषा एकेका ठिपक्यातून सुईसारखी ओवत गेली. त्यावर मला पदवी मिळाली, नोकरी मिळाली, आणि त्या प्रबंधाच्या पहिल्या पानावर मी लिहिलं, नोएलीन क्रॅट्झमन यांचे आभार. ती मार्चमध्ये निवृत्त झाली. मनगटातली नस दबली होती. शस्त्रक्रियेनंतर उजवा हात निम्मा परत आला, डावा नाही. निरोपाच्या चहाला तिने मखमलींचं बोचकं माझ्या हातात दिलं आणि बजावलं, "मशीनमध्ये पिळायच्या नाहीत."

मी लेडलीला तिच्या घरी गेलो तो एकवीस वर्षांनी. ती ब्याऐंशीची, एरल अठ्ठ्याहत्तरचा, गुरं विकून बहिणीकडे राहायला आलेला. तिने नारळ लावलेले चॉकलेटचे केक केले होते, वाकडेतिकडे. चहा ओतून झाल्यावर मी सांगितलं. एकवीस वर्षं घोकलेलं असल्यामुळे पटकन संपलं. आकडे जुळत नव्हते हे मला डिसेंबरच्या आधीच ठाऊक होतं. तुझा फोड मी पाहिला होता. विचारलं नाही. टेकू लावला.

"तो टेकू मला माहीत होता की," नोएलीन म्हणाली.

"कसा?"

"ब्रॉडरिकच्या टेबलावर दोन्ही कागद होते. आधीचा नि नंतरचा. एवढं मला वाचता येतं, लॉकी."

"मग बोलली का नाहीस?"

ती डाव्या हाताची बोटं उजव्या हाताने चोळत राहिली. "मला वाटलं, पोराने स्वतःचं गणित मोडलं, पण माझ्या हातावर शंका घेतली नाही. फार बरं वाटलं मला. बटणं लागत नव्हती, मनात धाकधूक होतीच. पण म्हटलं, लॉकीला माझा हात ठीक वाटतोय ना, मग असेल ठीक. नाहीतर मी तेव्हाच बोलले असते."

ती हे टोचायला म्हणाली नव्हती, म्हणून जास्तच लागलं. तिच्या आवाजात त्या वेळचं ते बरं वाटणं अजून होतं.

एरल खुर्चीत मान टाकून बसला होता. मला वाटलं होतं, त्याला नीट ऐकू येत नाही.

"म्हणजे माझ्या नऊ गाई कोणाच्या नावावर?" तो म्हणाला.

"तू गप्प केक खा," नोएलीन म्हणाली. "ते माझं आहे, कधीचं ठरलंय."

"माझ्या नावावर," मी म्हणालो.

एरलने मान वर केली. मग एकेक करून नऊही नावं सांगितली, सावकाश, आणि मी ते परत म्हणेपर्यंत प्रत्येक नावाला थांबला. नऊ झाल्यावर त्याने दुधाचं भांडं माझ्याकडे सरकवलं.